कपाटापलीकडचं माहेर

‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या डोरोथीचं अमेरिकेतलं कॅन्सस पुस्तकाच्या पहिल्या एक-दोन पानांतच करडं होऊन जातं. नांगरलेली जमीन उन्हाने भाजून करडी, गवताची पाती जळून करडी, घराचा रंग उन्हापावसात उडालेला म्हणून घरही करडं. आंट एम लग्न होऊन तिथे आली तेव्हा तरुण होती, देखणी होती. त्या उन्हावाऱ्याने तिच्या डोळ्यांतली चमक नेली, गालांवरची लाली नेली. अंकल हेन्री कधी हसत नाही. मग एक चक्रीवादळ येतं, अख्खं घर उचलतं आणि डोरोथीला ऑझ नावाच्या अद्भुत देशात नेऊन ठेवतं. तिथे हिरवळ आहे, फुलं आहेत, फळांनी लगडलेली झाडं आहेत. आणि ही मुलगी पहिल्या दिवसापासून एकच विचारत राहते: मी घरी कशी जाऊ?

वाटेत भेटलेलं बुजगावणं तिला विचारतं, एवढा सुंदर देश सोडून त्या कोरड्या, करड्या जागी परत कशाला जायचंय? डोरोथी म्हणते, तुला मेंदू नाही म्हणून तुला हे कळत नाही. घर कितीही उदास असलं तरी हाडामांसाची माणसं तिथेच राहणं पसंत करतात.

एल. फ्रँक बॉमचं हे पुस्तक १९०० सालचं. शाळेत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला डोरोथीचं उत्तर अजिबात पटलं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर ऑझमध्येच राहिले असते, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. लग्न होऊन गाव सुटल्यावर ते पुस्तक पुन्हा हातात आलं, आणि बुजगावण्याच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. या प्रकारच्या कथांत घराची ओढ एवढी का दाटलेली असते, ते समजून घ्यावंसं वाटलं ते तेव्हापासून.

या कथांना पोर्टल फँटसी म्हणतात. पोर्टल म्हणजे दार. आपल्यासारखं साधं माणूस, बहुतेक वेळा लहान मूल, आपल्याच ओळखीच्या जगातून एका दारातून पलीकडे जातं आणि पलीकडे वेगळंच जग असतं. दार कसलंही असू शकतं. ॲलिसला १८६५ साली सशाचं बीळ मिळालं, १८७१ साली दिवाणखान्यातला आरसा. डोरोथीला वादळ मिळालं. नार्नियातल्या मुलांना कोटांनी भरलेलं कपाट मिळालं, हॅरी पॉटरला रेल्वे स्टेशनवरच्या नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांमधला कठडा.

फॅरा मेंडलसन या अभ्यासक बाईंनी २००८ साली फँटसीचे चार प्रकार पाडून दाखवले. एकात माणूस आपल्या जगातून अद्भुत जगात जातो. दुसऱ्यात गोष्ट सुरुवातीपासून त्या वेगळ्या जगातच घडते. तिसऱ्यात अद्भुत आपल्या जगात घुसतं. चौथ्यात ते उंबरठ्यावरच घुटमळत राहतं, आहे की नाही तेच कळत नाही. आपल्याला इथे पहिल्या प्रकाराशी काम आहे. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे नायकाला पलीकडचं काहीच ठाऊक नसतं आणि वाचकालाही नसतं, म्हणून दोघं बरोबरीने शिकत जातात. मला मात्र याची दुसरी बाजू जास्त जवळची वाटते. दार असलं की दोन जगं समोरासमोर येतात. जे जग आजवर नुसतं ‘जग’ होतं, ते दार ओलांडल्याक्षणी ‘घरचं जग’ होतं.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला लांब जायला नको. आपल्याकडे माहेर हा शब्द आहे. आईवडिलांच्या घरी राहणारी मुलगी त्या घराला माहेर म्हणत नाही, ते तिचं घर असतं. तिने दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडला, धान्याचं माप पायाने लवंडून आत गेली, की त्याच क्षणी मागच्या घराचं माहेर होतं. घर तेच, भिंती त्याच, माणसंही तीच. नाव मात्र सोडून गेल्यावर मिळालेलं. पोर्टल फँटसी कॅन्ससचं जे करते ते हेच. ऑझला गेल्याशिवाय कॅन्सस डोरोथीचं माहेर होऊ शकत नव्हतं.

आता ही ओढ नेमकी कसली, ते पाहू. ती दोन जातींची असते, आणि या कथा समजायला दोन्ही वेगवेगळ्या धरायला हव्यात.

पहिली, सोडून आलेल्या घराची. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिला एक नाव दिलं: नॉस्टॅल्जिया. ग्रीक भाषेतले दोन शब्द त्याने जोडले, एक घरी परतण्याचा आणि एक वेदनेचा. आज आपण जुनी गाणी ऐकताना हा शब्द सहज वापरतो, पण होफरच्या लेखी तो खराखुरा आजार होता. घरापासून दूर राहिलेली माणसं त्याने खंगतात, असं त्याचं निदान होतं, आणि खात्रीचा उपाय म्हणजे रोग्याला घरी पोचवणं. डोरोथीला झालं आहे ते हेच, आणि तिला औषधही तेच लागू पडतं.

दुसरी ओढ अवघड आहे. ती कधीही न पाहिलेल्या घराची असते. जर्मन भाषेत तिला झेनझुख्त म्हणतात. आपण इथले नाही, आपली जागा दुसरीकडे कुठेतरी आहे, पण कुठे ते सांगता येत नाही, अशी ती हुरहूर. वर्गात कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाला ती ठाऊक असते. जिन्याखालच्या कपाटात झोपणाऱ्या हॅरीला ती नक्कीच ठाऊक होती. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत येऊन जेमतेम दोन महिने होतात आणि त्याच्या लक्षात येतं की मावशीच्या घरापेक्षा हा किल्लाच आपलं घर वाटतो. डोरोथीला परतायचं असतं, हॅरीला पोचायचं असतं. दोघांच्या गोष्टीत दार आहे, पण ते उलट्या दिशांना उघडतं.

दुसऱ्या ओढीबद्दल सगळ्यात मनापासून लिहिलं ते नार्नियाच्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईसने. त्याचा जन्म १८९८ सालचा, बेलफास्टचा. घराच्या खिडकीतून लांबवर टेकड्या दिसायच्या. फार लांब नव्हत्या, पण लहान मुलाला तिथे पोचता येण्याजोग्याही नव्हत्या. ओढ म्हणजे काय ते आपल्याला त्या टेकड्यांनी शिकवलं, असं तो पुढे १९५५ साली आत्मचरित्रात लिहितो. त्याच पुस्तकात आणखी एक आठवण आहे. त्याच्या भावाने एकदा बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात शेवाळ पसरून, त्यात काटक्या आणि फुलं खोचून एक खेळातली बाग केली आणि ती त्याला दाखवायला आणली. लुईसने आयुष्यात पाहिलेली पहिली सुंदर वस्तू ती. नार्नियाची ती पहिली वीतभर जमीन होती, असं मला नेहमी वाटतं.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये त्याची आई कर्करोगाने गेली. तो नऊ वर्षांचा होता. काही आठवड्यांतच त्याला समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये बोर्डिंग शाळेत धाडलं गेलं. आई गेली, पाठोपाठ घरही गेलं.

हे माहीत असलं की नार्नियाच्या मालिकेतली एक गोष्ट वाचताना गळा दाटून येतो. १९५५ सालच्या भागात डिगरी नावाचा मुलगा आहे, त्याची आई मरणाच्या दारात आहे. नार्नियात त्याच्या हाताला एक सफरचंद लागतं. चोरून घेऊन पळालास तर आई वाचेल, असा मोह त्याला घातला जातो. तो पळत नाही, ज्याचं त्याला नेऊन देतो. मग नार्निया घडवणारा सिंह, ॲस्लन, त्याला स्वतःहून एक सफरचंद देतो, आई ते खाते आणि बरी होते. डिगरी त्याचा उरलेला गाभा परसात पुरतो. त्याचं झाड होतं, पुढे वादळात पडतं, आणि मोठा झालेला डिगरी त्या लाकडाचं एक कपाट करून घेतो. १९५० सालच्या पहिल्या पुस्तकात मुलं ज्यातून नार्नियात जातात ते हेच कपाट. आई बरी झाली त्या फळाच्या लाकडाचं दार. लुईसच्या आयुष्यात जे झालं नाही, ते त्याने दाराच्या लाकडातच भरून ठेवलं.

त्या पहिल्या पुस्तकातली चार भावंडं कपाटापाशी पोचतात कशी, तेही विसरू नये. ती लंडनची मुलं आहेत, हवाई हल्ल्यांच्या भीतीने खेड्यातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या घरी पाठवलेली. हा भाग कल्पनेतला नाही. सप्टेंबर १९३९ च्या सुरुवातीच्या अवघ्या काही दिवसांत ब्रिटनमधल्या शहरांतून सुमारे १५ लाख लोक बाहेर हलवले गेले, त्यांत मोठा भरणा शाळकरी मुलांचा होता. लुईसच्या ऑक्सफर्डजवळच्या घरीही अशी मुलं राहून गेली. म्हणजे कपाटाचं दार उघडण्याआधीच ही भावंडं एकदा परक्या घरी आलेली आहेत. घर हरवलेल्या मुलांना पलीकडे चार सिंहासनं रिकामी ठेवलेली सापडतात, त्यांचीच वाट पाहत असलेली.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. आपलेपणा मिळवायचा हा फार सोपा मार्ग झाला. परक्या मुलखात जावं आणि आठवड्याभरात तिथलं राजा-राणी व्हावं, तिथल्या लोकांनीही भविष्यवाणीत लिहिलंय म्हणून मान तुकवावी, हे साम्राज्य असलेल्या देशातल्या लेखकालाच इतकं सहज सुचू शकतं. ज्यांच्या मुलखात असे पाहुणे येऊन राज्य करून गेले, त्यांच्या वाचकांनी हे बघायला हवं. लुईसवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे सांगते. परक्या ठिकाणी खरंच आपलं होणं कसं असतं, ते त्याच्यापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत जास्त खरं उतरलं आहे, पण तिच्याकडे येण्याआधी थोडं वेळेबद्दल.

दाराच्या दोन बाजूंना वेळ कसा चालतो, हा या कथांतला सगळ्यात मोलाचा नियम. वरवर तो गंमतीचा तपशील वाटतो, पण घर आपली वाट बघतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यातच दडलेलं असतं. नार्नियातली मुलं तिथे वर्षानुवर्षं राज्य करतात, मोठी होतात, आपलं जुनं जग त्यांना स्वप्नासारखं पुसट होतं. मग एक दिवस कपाटातून परत पडतात तर इथे क्षणही गेलेला नाही. घर जसंच्या तसं थांबलंय. ही लहान मुलाला दिलेली हमी आहे: जा, खेळून ये, तू येईपर्यंत काही बदलणार नाही.

जुन्या गोष्टींनी अशी हमी कधी दिली नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट येते. मुलगी रेवती हिला वर कोण पाहावा, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसतात. तू मनात धरलेले सगळे वर केव्हाच गेले, त्यांचे मुलगे-नातूही गेले, पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली. बाप-लेक परततात ती एका अनोळखी पृथ्वीवर. रेवती बलरामाला दिली जाते, एवढंच आपण लक्षात ठेवतो. एक गाणं ऐकून झालं तेवढ्यात तिचं माहेर काळात बुडालं, तिच्या सगळ्या ओळखीच्या माणसांसकट, याचा विचार आपण करत नाही. जपानमधला उराशिमा तारो हा कोळीही असाच समुद्राखालच्या महालातून घरी येतो तर गावात ३०० वर्षं गेलेली असतात.

या दोहोंमधलं, म्हणजे घर थांबतही नाही आणि बुडतही नाही, असं चित्र पीटर पॅनमध्ये आहे. पीटर पॅनचा लेखक जे. एम. बॅरी सहा वर्षांचा असताना, १८६७ साली, त्याचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला, चौदावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना. कधीच मोठा न होणारा मुलगा बॅरीच्या घरातच होता. त्याचा पीटर उडून जातो तेव्हा त्याची खात्री असते की आई खिडकी कायम उघडी ठेवेल. तो परततो तर खिडकीला गज लागलेले असतात आणि आईच्या कुशीत दुसरंच मूल झोपलेलं असतं.

मला ती खिडकी फार लहान आकारात भेटली. एकदा दिवाळीत माहेरी गेले, चहा टाकायला उठले, आणि फळीवरचा नेहमीचा डबा उघडला तर त्यात साखरेऐवजी रवा. दुसरा उघडला, त्यात पोहे. आईने मधल्या काळात सगळे डबे हलवले होते, आणि त्यात काहीच वावगं नव्हतं, स्वयंपाकघर तिचं. ती आतून म्हणाली, “थांब गं, मी देते.” पाहुण्याला म्हणतात तसं. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

आता ती दुसरी गोष्ट, हायाओ मियाझाकीचा २००१ सालचा चित्रपट ‘स्पिरिटेड अवे’. दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर नव्या गावी राहायला निघाली आहे. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडलीय, मैत्रिणींनी निरोपाला दिलेला फुलांचा गुच्छ छातीशी धरून. वाटेतल्या बोगद्यापलीकडे देवांच्या आणि भुतांच्या जगात ती अडकते आणि तिला एका स्नानगृहात काम मागावं लागतं. कोणी सिंहासन देत नाही. फरशा घासायच्या, घाण उपसायची, मोठ्यांची बोलणी खायची, आणि हळूहळू तिथल्या लोकांना तिचं काम, तिचं बोलणं, तिची माया कळत जाते. आपलं होणं ते असं, कष्टाने आणि सावकाश.

पण कामावर घेताना मालकीण युबाबा आधी तिचं नाव काढून घेते. करारावरच्या सहीतली अक्षरं उचलते आणि एकच ठेवते: आजपासून तू सेन. खरं नाव विसरलीस तर घरी जायची वाट सापडणार नाही, असं तिला तिथला हाकू नावाचा मुलगा बजावतो. तिला नाव आठवतं कशाने? गुच्छाबरोबरच्या त्या निरोपाच्या कार्डाने, ज्यावर मैत्रिणींनी ‘चिहिरो’ लिहिलेलं असतं.

हा प्रसंग मी दर वेळी श्वास रोखून बघते. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. हल्ली अनेक घरांत ही रीत राहिलेली नाही, आणि ते बरंच झालं. पण ज्यांचं नाव बदललं अशा बायका मी जवळून पाहिल्या आहेत. माझ्या आजीला साठ वर्षं सासरच्या नावाने हाक मारली गेली. तिचा भाऊ आला की मात्र तो दारातूनच तिच्या जुन्या नावाने ओरडायचा आणि ती हातातलं काम टाकून बाहेर यायची, चालही बदललेली असायची. घर म्हणजे काय, याची मला समजलेली सगळ्यात नेमकी व्याख्या ती हाक आहे.

परत आलेल्यांचं पुढे काय होतं, याकडे जुन्या कथांनी पाठच फिरवली होती. शॉनन मॅग्वायरने २०१६ सालच्या ‘एव्हरी हार्ट अ डोअरवे’ या छोट्या कादंबरीत तेवढाच प्रश्न हातात घेतला. दारातून जाऊन परत आलेल्या मुलांसाठी तिथे एक बोर्डिंग शाळा आहे. त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा पलीकडे जायचं आहे, आणि त्यांचं दार बंद झालं आहे. नॅन्सी मृतांच्या शांत जगातून आलीय, तिला आता काळे-पांढरे कपडेच आपले वाटतात. शाळेत पोचून ती बॅग उघडते तर आईवडिलांनी आतले कपडे बदलून तिचे जुने रंगीबेरंगी कपडे भरलेले असतात. त्यात दुष्टपणा नाही. त्यांना त्यांची आधीची मुलगी परत हवी आहे, आणि ती मुलगी आता कुठल्याच जगात राहत नाही. परदेशी शिकून आलेल्या मुलासाठी त्याच्या दहावीतल्या आवडीचा बेत करणाऱ्या कुठल्याही आईला ही बॅग ओळखू येईल.

डोरोथीचंही पुढे काय झालं, ते फार थोड्या वाचकांना माहीत असतं, कारण १९३९ सालचा चित्रपट सगळं स्वप्न ठरवून तिला कॅन्ससच्या अंथरुणात ठेवून संपतो. बॉमच्या पुस्तकात ऑझ खरं आहे आणि ती तिथे पुन्हा पुन्हा जाते. १९१० सालच्या सहाव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बॉम सांगतो की वादळाने घर उडवून नेलं म्हणून अंकल हेन्रीला नवं बांधावं लागलं, हाताशी पैसा नव्हता म्हणून शेत गहाण टाकावं लागलं. वर पाऊस वेळेवर पडेना, प्रकृती बिघडली, आणि आता सावकार जमीन घ्यायला दारात उभा आहे. ज्या वादळाने डोरोथीला ऑझ दाखवलं, त्याच वादळाचं कर्ज कॅन्ससमधलं घर फेडत होतं. बॉमने हे ऐकीव लिहिलेलं नाही. १८८८ ते १८९१ या काळात तो डकोटातल्या ॲबर्डीन गावी राहिला होता. त्या दुष्काळी दिवसांत त्याचं स्वतःचं दुकान बुडालं, आणि करड्या झालेल्या शेतांवरची माणसं त्याने रोज पाहिली होती.

डोरोथी तेव्हा ऑझमध्ये कायमची राहायला जाते, आणि आंट एम व अंकल हेन्रीला सोबत नेते. बुजगावण्याला दिलेलं उत्तर ती मागे घेत नाही, त्याबद्दल काही बोलतही नाही. पुस्तकाच्या शेवटी ऑझवर शत्रू पुन्हा चालून येऊ नयेत म्हणून ग्लिंडा ही तिथली भली चेटकीण तो देशच जगाच्या नजरेआड करते. डोरोथीची चिठ्ठी येते की यापुढे आमच्याकडून तुम्हाला काही कळणार नाही.

वाचक मुलांनी ते मानलं नाही. पत्रं येत राहिली, आणि त्यांतल्या एकाने सुचवलं की बिनतारी तारयंत्राने डोरोथीची खबर का मागवू नये. १९१३ साली बॉमने तसंच केलं आणि पुन्हा पुस्तकं लिहायला लागला. तिची खुशाली त्यानंतरही अनेक वर्षं येत राहिली.